आपल्या निबंधाच्या वहीचा इतिहास

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा समितीचा निरोप आला तेव्हा शाळेच्या आठवणी लिहायचं ठरवलं होतं. बसले आणि पहिलं वाक्य लिहिलं, ‘शाळेचे ते सोनेरी दिवस आठवले की मन भरून येते.’ मग थांबले, कारण हे वाक्य माझं नव्हतं. ते मी नववीत ‘माझी शाळा’ या निबंधातही लिहिलं होतं आणि तेव्हाही माझं नव्हतं.

आईने माझ्या काही वह्या जपून ठेवल्या आहेत. त्यात १९९०-९१ ची, चौथीची निबंधाची वही सापडली. पहिला निबंध ‘समुद्रकिनारी एक संध्याकाळ’. सुरुवात अशी: ‘समोर अथांग निळा सागर पसरला होता.’ मित्रमैत्रिणींनो, आपल्या शाळेच्या मागच्या दारातून समुद्र दिसायचा. तो किती निळा असतो हे तुम्हाला ठाऊक आहे. पावसाळ्यात चहाच्या रंगाचा, एरवी मातकट, आणि ओहोटीला नुसता चिखल. तरी वर्गातल्या सगळ्यांच्या वहीत तो अथांग आणि निळाच होता. ‘मामाच्या गावाला’ या निबंधात आपण सगळे झुकझुक आगगाडीने गेलो होतो. अलिबाग ते मुरुड या पट्ट्यात आजही प्रवासी आगगाडी येत नाही.

म्हणून आठवणींऐवजी इतिहास लिहायचं ठरवलं. मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही, शिकले इंजिनिअरिंग आणि पोटासाठी सॉफ्टवेअर लिहिते. पण आमच्या धंद्यात एक सवय लागते. प्रोग्राममध्ये चूक सापडली की ती नुसती दुरुस्त करून भागत नाही. ती केव्हा शिरली, कोणत्या कारणाने शिरली, हे मागे जाऊन शोधावं लागतं. तो निळा सागर आपल्या वहीत आला कुठून, हे मी तसंच शोधत गेले. शोधता शोधता एका जागी माझंच नाव सापडलं. ते पुढे येईलच.

इंग्रज येण्याआधी आपल्याकडे पंतोजींच्या शाळा होत्या. धूळपाटीवर बोटाने किंवा काडीने अक्षर गिरवायचं, पाढे, पावकी, निमकी, औटकी पाठ करायच्या, मग मोडी लिहायला शिकायचं. पुढे गेलेल्या मुलाला पत्राचे मायने शिकवत. वडिलांना काय लिहायचं, सावकाराला काय, सरकारदरबारी काय, हे ठरलेलं असे. लिहिणं म्हणजे कित्ता गिरवणं. त्यात कमीपणा काही नव्हता, कारण कारकुनाचं अक्षर वाचता आलं पाहिजे आणि हिशेब चुकता कामा नये, एवढंच लिहिण्याकडून मागणं होतं. मुलाला स्वतःचं काही सांगायचं असेल, हा प्रश्नच त्या शाळेत नव्हता.

एकोणिसाव्या शतकात छापखाने आले, सरकारी आणि मिशनरी शाळा आल्या. दादोबा पांडुरंग यांचं मराठी व्याकरण १८३६ साली निघालं. मेजर थॉमस कँडी यांनी पाठ्यपुस्तकांची भाषा घडवली, आणि मराठीत स्वल्पविराम-पूर्णविरामांची शिस्त लावण्यात त्यांचा मोठा वाटा होता. आज आपण ‘शुद्ध मराठी’ म्हणतो तिची घडी अशी बसत गेली.

घडी बसत होती त्याच काळात, पुण्यात, मराठी शाळेच्या इतिहासातला सर्वांत मोठा निबंध लिहिला गेला. तो लिहिणारी शाळकरी मुलगी होती. मुक्ता साळवे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत ती शिकत होती. मांग समाजातली, वय चौदाच्या आसपास आणि शाळेत जाऊन जेमतेम तीन वर्षं झालेली. तिचा ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध ‘ज्ञानोदय’ या मिशनरी नियतकालिकात १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ अशा दोन अंकांत छापून आला.

हा निबंध मी वयाच्या पस्तिशीत पहिल्यांदा वाचला. शाळेत त्याचं नावही ऐकलं नव्हतं. इथे त्यातलं वाक्य देत नाही, पूर्ण निबंध मिळवून वाचा. ती काय करते एवढंच सांगते. वेद ब्राह्मणांचे असतील आणि आम्हाला ते बघायचीही बंदी असेल, तर आमचा धर्म कोणता, असं ती थेट देवाला विचारते. पेशवाईत तालीमखान्यासमोरून जाणाऱ्या मांग-महारांचं काय केलं जाई ते सांगते. आणि मग अशी गोष्ट सांगते जी त्या काळी दुसरं कोणी लिहू शकलं नसतं. तिच्या समाजातल्या बाया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर धड छप्परही नसतं, थंडीवाऱ्यात त्यांचे काय हाल होतात, ते ती लिहिते. शेवटी आपल्याच लोकांना सांगते, शिका.

हे वाचताना मला दोन गोष्टी जाणवल्या. एक म्हणजे, मुक्ताने हे बोलीत लिहिलेलं नाही. त्या काळची छापील, प्रमाण मराठीच ती लिहिते. तरी ते दुसऱ्या कुणाचं वाटत नाही. म्हणजे लेखनातला स्वतःचा आवाज हा बोलीचा प्रश्न आहेच, पण नुसता बोलीचा नाही. तिला काहीतरी माहीत होतं जे वाचणाऱ्याला माहीत नव्हतं, आणि ते कुणाला सांगायचं आहे हेही तिला पक्कं ठाऊक होतं. दुसरी गोष्ट तिच्या शिक्षकांची. सावित्रीबाई स्वतः लिहीत होत्या, ‘काव्यफुले’ हा त्यांचा संग्रह आदल्याच वर्षी, १८५४ साली आला होता. ज्या बाई स्वतः मनातलं लिहितात, त्यांच्या वर्गातली मुलगी मनातलं लिहायला धजावली. मुक्ताचं दुसरं लेखन उपलब्ध नाही. एका निबंधावर ती एकशे सत्तर वर्षं उभी आहे.

योगायोग असा की काही वर्षांनी तिकडे रशियात टॉलस्टॉय आपल्या गावी शेतकऱ्यांच्या मुलांची शाळा चालवत होते. १८६२ साली त्यांनी एक लेख लिहिला. लिहायला कोणी कोणाकडून शिकावं, शेतकऱ्यांच्या पोरांनी आमच्याकडून की आम्ही त्यांच्याकडून, असा त्याचा मथळाच आहे. त्यांनी मुलांना एका म्हणीवर गोष्ट लिहायला सांगितली. जमेना, तेव्हा स्वतः लिहायला बसले. मुलं खांद्यावरून वाकून बघू लागली, हे असं नाही, तसं, म्हणून सुचवू लागली. एका पोराने गोष्टीतल्या माणसाला बायकी कोट घालायला लावला. बायकीच का? तर थंडीत घाईने बाहेर पडणारा गरीब माणूस हाताला येईल तो कोट चढवतो, हे त्या पोराने पाहिलेलं होतं, टॉलस्टॉयनी नव्हतं. एवढा मोठा लेखक चकित झाला. मुलं हुशार होती हे खरंच, पण ती बोलू लागली कारण शिक्षक पाटावरून उतरून त्यांच्यात बसला होता.

मग आपल्याकडे मुक्ताचा निबंध नियम न होता अपवाद का राहिला? एका माणसावर किंवा एका खात्यावर हा दोष टाकता येत नाही. १८५४ च्या वूडच्या खलित्यानंतर सरकारी शिक्षणखातं उभं राहिलं. शाळा वाढल्या, तपासनीस आले, परीक्षा आल्या. परीक्षेला मोजता येईल असं काहीतरी लागतं. अक्षर, शुद्धलेखन, मुद्दे, ओळींची संख्या मोजता येते. मुलाला खरंच काही सांगायचं आहे का, हे मोजता येत नाही. १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली. ते तेव्हा सरकारी शाळेत शिक्षकच होते. त्यांच्या डौलदार, संस्कृतप्रचुर गद्याने निबंध या प्रकाराला मोठी प्रतिष्ठा मिळाली. पण त्यामुळे निबंध म्हणजे मोठ्या, विद्वान माणसासारखं बोलणं, अशी समजूतही घट्ट होत गेली असावी असं मला वाटतं. दहा वर्षांचं मूल विद्वानासारखं बोलू शकत नाही, नक्कल मात्र करू शकतं. आपण तेच केलं.

पुढच्या गोष्टी थोडक्यात. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम सरकारने स्वीकारले. २७ जानेवारी १९६७ ला बालभारती स्थापन झाली आणि सगळ्या महाराष्ट्रातल्या मराठी मुलांच्या हातात एकच पुस्तक आलं. खेड्यातल्या मुलाला शहरातल्या मुलाचंच पुस्तक मिळणं ही फार मोठी गोष्ट होती, ती मी कमी लेखत नाही. पण पुस्तक एक झालं, परीक्षा एक झाली, तसे निबंधाचे विषय एक झाले, आणि मग गाइडवाल्यांचं काम सोपं झालं. निळा सागर तिथून आला.

आता आपल्या किनाऱ्याकडे येते. माझ्या जन्माच्या वर्षी, १९८१ साली, कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. या चिंचोळ्या पट्टीत किती भाषा नांदतात बघा. कोळीवाड्याची बोली वेगळी, आगरी वेगळी, कोकणी मुसलमानांची वेगळी. रेवदंडा-अलिबागच्या बेने इस्रायलींच्या घरात मराठी बोलली जायची. आणि साळाव ओलांडून कोर्लईला गेलं की किल्ल्याच्या पायथ्याशी पोर्तुगीज मिसळून झालेली एक भाषा आजही बोलतात. तुमच्यापैकी कितीतरी जण घरी एक, मैदानात दुसरी आणि वर्गात तिसरी भाषा बोलत होता.

बोलण्यात या किनाऱ्याने कधी हार खाल्लेली नाही. चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षं खोतांची जमीन कसायचं नाकारलं. त्यांनीच १९३७ साली ‘कृषीवल’ सुरू केला. आपल्या घरांत पुढे वर्षानुवर्षं येत राहिलेलं ते वर्तमानपत्र आपली बाजू आपण छापायची या जिद्दीतून जन्मलं होतं. आणि त्याच्याही आधी, जॉर्ज ग्रियर्सन यांनी भारतातल्या भाषांची जी पाहणी केली, तिच्या मराठीवरच्या १९०५ सालच्या सातव्या खंडात कोकण किनाऱ्यावरच्या आगरी, कोळी अशा बोलींचे नमुने छापलेले आहेत. घरातून निघून गेलेल्या आणि परत आलेल्या मुलाची बायबलमधली गोष्ट प्रत्येक बोलीत सांगून घेतलेली. इंग्रज सरकारच्या दप्तरात ज्या बोलीला जागा होती, तिला पंचाऐंशी वर्षांनी आपल्या निबंधाच्या वहीत नव्हती.

हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण ती जागा पुसणारा हात माझा होता.

माझे वडील नोकरीतल्या बदलीने देशावरून इथे आले, मी तिसरीत शाळेत दाखल झाले. माझी भाषा पुस्तकातल्यासारखी होती, म्हणून गुरुजींना माझं कौतुक. गुरुजींकडे तेव्हा तिसरी आणि चौथी असे दोन वर्ग एकत्र होते, साठाच्या वर मुलं. सगळ्या वह्या एकट्याने तपासणं शक्यच नव्हतं. म्हणून मला आणि आणखी दोघांना लाल पेन देऊन ते वह्या तपासायला बसवत. आपल्याला किती अभिमान वाटायचा त्या लाल पेनाचा!

‘समुद्रकिनारी एक संध्याकाळ’ तेव्हाचाच. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीची वही माझ्याकडे आली. ती कोळीवाड्यातली. तिचं नाव लिहीत नाही, तुम्ही ओळखालच, आणि तिला विचारूनच हे लिहिते आहे. तिने गाइडमधून काही घेतलं नव्हतं, कारण तिच्याकडे गाइड नव्हतं. तिच्या निबंधाची सुरुवात होती, ‘भांग लागला का बापूस घरान.’

मला त्या वाक्यातलं काहीही कळलं नाही. भांग म्हणजे मला शिवरात्रीला पितात ती ठाऊक. मी ते वाक्य शेजारच्याला हसत वाचून दाखवलं. त्याने पुढच्याला. मग सगळा वर्ग हसला. ज्यांना अर्थ माहीत होता, ज्यांच्या घरी रोज तो शब्द होता, तीही मुलं हसली. मी ‘भांग’ खोडलं, ‘बापूस’ खोडलं, ‘घरान’ खोडलं आणि वर लिहिलं, ‘सुट्टीच्या दिवशी वडील घरी असतात.’ दहापैकी तीन गुण दिले. स्वतःच्या निळ्या सागराला मला नऊ मिळाले होते.

ती काही बोलली नाही. पुढच्या निबंधाला तिने माझीच वही मागून घेतली आणि उतरवून काढली. तिला सात मिळाले.

सहावी-सातवीच्या सुमारास भूगोलाच्या तासाला भरती-ओहोटी आली. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती. अष्टमीच्या सुमारास, चंद्र आणि सूर्य यांची ओढ एकमेकींना काटकोनात असते तेव्हा, भांगाची भरती. आपण ती व्याख्या घोकली, रिकाम्या जागा भरा मध्ये एका गुणाला लिहिली. तेव्हाही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. पडला तो फार उशिरा, दोन मुलांची आई झाल्यावर, मुलाला भूगोल शिकवताना. डोल जाळं पाण्याच्या ओढीवर चालतं. उधाणाला ओढ जोरात, तेव्हा होड्या दर्यावर आणि बाप घरात नाही. भांगाला पाणी मंद, जाळ्याचं तोंड नीट उघडत नाही, म्हणून होड्या किनाऱ्याला. तेव्हा बाप घरात, जाळी दुरुस्त करत बसलेला. चंद्र, पाणी, जाळं आणि बाप, एवढं सगळं एका चौथीतल्या मुलीने पाच शब्दांत सांगितलं होतं. मी ते ‘सुट्टी’ करून टाकलं.

इतिहास म्हणून सांगायचं तर आपल्या शाळेत याच्या उलटही घडलं. पाचवीला ज्या बाई आल्या त्यांनी ‘वाटेतली एक ओळ’ सुरू केली होती, आठवते? घरून शाळेत येताना जे दिसलं त्यावर रोज एकच ओळ. बाई त्यावर लाल पेन चालवत नसत. माझी मैत्रीण रोज लिहायची, ‘आज काही दिसले नाही.’ पंधरा दिवस हेच. बाई रागावल्या नाहीत. एक दिवस त्यांनी तिच्या ओळीखाली शाईने प्रश्न लिहिला, ‘बोंबील वलांडीवर वाळायला किती दिवस लागतात?’ बाई घाटावरच्या होत्या, त्यांना ते खरंच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी वहीत अर्धं पान भरलेलं होतं. ऊन कसं हवं, वारा कुठून हवा, ढग आले तर काय करायचं, कावळे कोण हाकलतं. बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं. या वेळी कुणी हसलं नाही.

महाराष्ट्रात ज्यांनी ज्यांनी मुलांना स्वतःचं लिहायला शिकवलं, त्यांच्या कामात मला हेच पुन्हा पुन्हा दिसलं. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या शाळेत होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढत, नंतर १९२८ साली ‘विद्यार्थी’ मासिक काढलं. मुलांशी बोलल्यासारखं लिहायचं, म्हणजे मुलंही बोलल्यासारखं लिहायला धजावतात. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केलं आणि मुलाचा अनुभव हाच धडा मानला. फलटणला मॅक्सीन बर्नसन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी आधी तिथल्या बोलीचा अभ्यास करून पीएच.डी. केली आणि मग तिथेच मुलांना वाचायला-लिहायला शिकवण्यात आयुष्य घातलं. तिघांच्या पद्धती वेगळ्या. पण मूल बोलतं ते चुकीचं नसून ते काहीतरी सांगतं आहे, तर आधी ऐकू या, दुरुस्ती नंतर करू, हा क्रम तिघांचा एकच.

हा क्रम मी नोकरीत शिकले, शाळेत नाही. आमच्याकडे एकाने लिहिलेला प्रोग्राम दुसरा तपासतो. नवीन असताना मी धडाधड चुका काढायचे. एका वरिष्ठ सहकाऱ्याने सांगितलं, ‘बदल सुचवण्याआधी विचार, हे असं का केलंस. निम्म्या वेळा त्याला तुझ्यापेक्षा जास्त माहीत असतं.’ हे चौथीत कुणी सांगितलं असतं तर!

मात्र शुद्ध मराठी शिकवू नका असं मला म्हणायचं नाही. या किनाऱ्यावरून मुंबईला नोकरी शोधायला गेलेल्या प्रत्येकाला त्या भाषेची शिडी लागली. मुक्तालाही लागली, तीच भाषा वापरून तिने आपली फिर्याद छापून आणली. शिडी हवीच, फक्त वर चढताना मुलाने हातातलं खाली टाकून यावं अशी अट नको.

सरकारलाही हे अधूनमधून कळतं. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. मुलाने स्वतःच्या शब्दांत मांडावं, यावर त्यात भर होता. पुढे दहावीला कृतिपत्रिका आली, तिच्यात ‘स्वमत’ नावाचा प्रश्नच आहे. स्वतःचं मत लिहा! हेतू उत्तम होता. आज दुकानात जाऊन गाइड उघडा, प्रत्येक धड्याचं स्वमत तयार छापलेलं मिळेल. स्वतःचं मत पाठ करून जाणारी मुलं बघून हसावं की रडावं कळत नाही.

आणि आता माझ्या क्षेत्राने त्यात भर घातली आहे. गेल्या पावसाळ्यात माझी भाची, इयत्ता चौथी, निबंधाला मदत मागायला आली. विषय समुद्रकिनारा. मी काही बोलायच्या आत तिने मोबाईलला विचारलं आणि मोबाईलने क्षणात लिहून दिलं. त्यात अथांग निळा सागर होता. मी हसत सुटले, भाचीला कळेना. ही यंत्रं कशी चालतात ते मला थोडंफार ठाऊक आहे. आजवर लोकांनी जे लिहून ठेवलं, त्यावरून पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, हे ती सांगतात. निळा सागर आपणच लाखो वह्यांत, लाखो गाइडांत लिहिला, तो त्यांना पाठ आहे. ‘भांग लागला का बापूस घरान’ हे कुणी लिहून ठेवलं नाही. लिहिलं होतं एकीने, ते मी खोडलं. जे लिहिलंच गेलं नाही ते उद्याच्या मुलाला कुठलंही यंत्र सांगू शकणार नाही. मी भाचीला मोबाईल बाजूला ठेवायला सांगितलं आणि विचारलं, ‘तू मागच्या वेळी आमच्या गावी आलीस तेव्हा तुला कसला वास आला?’ ती म्हणाली, ‘ईऽऽ, सुकटीचा.’ म्हटलं, तिथून सुरू कर.

आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ही मैत्रीण आहेच. मासळीचा धंदा सांभाळते, मुलीला शिकवते आहे. तुमच्या लक्षात आलं असेल, ती कधीच काही टाइप करत नाही, फक्त आवाजी निरोप टाकते. आणि तिचा निरोप आला की आपण सगळे हातातलं काम सोडून ऐकतो. बंदरावरचं भांडण ती सांगते तेव्हा भांडणारे डोळ्यांसमोर उभे राहतात. गेल्या महिन्यात तिला फोन केला. म्हटलं, चौथीतला तो निबंध आठवतो का गं? ती लगेच म्हणाली, ‘तू खोडलास तो?’

पस्तीस वर्षं तिला माहीत होतं की ते अक्षर गुरुजींचं नाही, माझं आहे. मी माफी मागितली. ती हसली, म्हणाली, तुला तरी काय कळत होतं, तू घाटावरची. मग मी तिला विचारलं, आता सांगशील, भांग लागला की घरी काय व्हायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिचा निरोप आला, अकरा मिनिटांचा. त्यात बाप आहे, जाळं आहे, सुई आहे, दुपारी चुलीवर भाजलेलं म्हावरं आहे, आणि उधाण लागायच्या आदल्या रात्री आई जागी का असायची, ते आहे.

मी तो ऐकत ऐकत जसाच्या तसा लिहून काढला आणि तिला वाचून दाखवला. दोन ठिकाणी तिने माझ्या चुका काढल्या, त्या सुधारल्या. आता तो कागद समितीकडे दिला आहे, याच स्मरणिकेत तिच्या नावाने छापावा अशी विनंती केली आहे. मेळाव्यात तो तुम्ही कुणी वाचू नये, ती स्वतः सांगणार आहे.

फक्त एक करा. छापण्याआधी शुद्धलेखन तपासायला तो माझ्याकडे पाठवू नका.